संग्राह्य व्हिनाइल बाहुल्यांवरील पृष्ठभागीय ओरखडे : स्वरूप, दुरुस्ती आणि मर्यादा

सारांश

घरोघरी जपून ठेवलेल्या जुन्या व्हिनाइल बाहुल्यांवरील ओरखडे हा वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा विषय आहे. तथापि, हे ओरखडे घालविण्यासाठी केले जाणारे घरगुती उपाय बहुधा मूळ ओरखड्यापेक्षा अधिक हानी करतात. याचे कारण ‘ओरखडा’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न भौतिक अवस्था एकत्र येतात आणि तिन्हींवर एकच उपाय केला जातो. प्रस्तुत लेखात व्हिनाइल या पदार्थाची घडण, ओरखडा दृश्यमान होण्याचे कारण, ओरखड्यांचे वर्गीकरण, प्रत्येक प्रकारास योग्य असा उपाय आणि दुरुस्ती कोठे थांबवावी याचा निकष यांचे विवेचन केले आहे. जालना जिल्ह्यातील हवामान, येथील सणपरंपरा आणि भोकरदन येथील पुरातत्त्वीय वारसा यांचा संदर्भ या विवेचनास दिला आहे.

बीजशब्द : व्हिनाइल, प्लास्टिसायझर, ओरखडा, जतन, आरास, भोकरदन

१. प्रस्तावना

भाद्रपदात घरी येणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवसांच्या या सणात अनेक घरांतून महालक्ष्म्यांपुढे आरास मांडली जाते. तीत मातीची फळे, लाकडी खेळणी, कापडी बाहुल्या यांच्याबरोबर प्लास्टिकच्या बाहुल्याही असतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही हीच मांडणी पुन्हा दिसते. सण संपला की बाहुल्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या जातात, पत्र्याच्या पेटीत भरल्या जातात आणि पेटी माळ्यावर जाते. पुढील वर्षी पेटी उघडली की एखादीच्या गालावर नवा चरा, दुसरीच्या हातावर छपाईच्या शाईची काळसर छटा, तिसरीच्या कपाळावर मागील वर्षीच्या कुंकवाचा डाग असे काही ना काही आढळते.

संग्राह्य बाहुली म्हटले की परदेशी लिलावात मोठी किंमत मिळणारी, मूळ खोक्यातून कधीच बाहेर न काढलेली बाहुली डोळ्यांसमोर येते. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील खेळण्यांच्या मेळाव्यात प्रथम मांडलेल्या बार्बीच्या सुरुवातीच्या प्रती हे याचे ठळक उदाहरण होय. परंतु संग्राह्यता केवळ बाजारभावावर अवलंबून नसते. आईच्या लहानपणीची, डोळे मिटणारी बाहुली मुलीने आणि पुढे नातीने सांभाळली, तर त्या घरापुरती ती संग्राह्यच असते. दिल्ली येथील शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचा आरंभही भेट मिळालेल्या एका हंगेरियन बाहुलीपासून झाला. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्ले यांनी उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ३० नोव्हेंबर १९६५ रोजी झाले. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयानेही दैनंदिन वापरातील वस्तू हा इतिहासाचा साधनस्रोत आहे, ही दृष्टी महाराष्ट्राला दिली. तेव्हा घरातील बाहुलीच्या गालावरील चऱ्याचे काय करावे हा प्रश्न हौसेपुरता मर्यादित राहत नाही. तो वस्तुरूप इतिहासाच्या जतनाचा प्रश्न ठरतो.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) व्हिनाइल पृष्ठभागावर ओरखडा पडण्याची व तो दिसण्याची प्रक्रिया स्पष्ट करणे.
(आ) ओरखड्यांचे प्रकार ओळखण्याची साधी, निरुपद्रवी पद्धत मांडणे.
(इ) प्रचलित उपायांचे गुणदोष तपासणे.
(ई) दुरुस्ती कोठे करावी व कोठे टाळावी याचा निकष सुचविणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. बहुवारिकांचे ज्ञात रसायनशास्त्र आणि संग्रहालयीन जतनशास्त्राची मान्य तत्त्वे यांच्या आधारे मांडणी केली आहे. कापडी, लाकडी व मातीच्या बाहुल्या या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहेत.

३. व्हिनाइल : कठीण बहुवारिक आणि अस्थिर पाहुणा

व्हिनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७२ मध्ये या बहुवारिकाचे वर्णन केले. परंतु शुद्ध पीव्हीसी ताठ व ठिसूळ असल्याने ते दीर्घकाळ निरुपयोगीच राहिले. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या कंपनीत वाल्डो सेमन यांनी त्यात उच्च उत्कलनबिंदूचे द्रव मिसळून ते रबरासारखे लवचीक केले आणि मृदू व्हिनाइलचा जन्म झाला. लवचीकपणा आणणाऱ्या या द्रवास प्लास्टिसायझर म्हणतात. बाहुल्यांच्या संदर्भात दीर्घकाळ थॅलेट वर्गातील द्रवे यासाठी वापरली गेली. मृदू व्हिनाइलमध्ये त्यांचे प्रमाण साधारणतः वजनाच्या २० ते ५० टक्के इतके असू शकते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. प्लास्टिसायझर हे बहुवारिकाच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते साखळ्यांच्या मधल्या जागेत शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देते. त्यामुळे ते बाहेरही पडू शकते. प्रत्येक शिक्षकाने याचा प्रत्यय घेतलेला आहे. कंपासपेटीत प्लास्टिकच्या पट्टीला टेकून राहिलेला पांढरा खोडरबर काही महिन्यांनी पट्टीला चिकटतो आणि काढला असता पट्टीवर खळगा दिसतो. तो खोडरबर बहुधा मृदू व्हिनाइलचाच असतो. त्यातील प्लास्टिसायझर पट्टीत शिरलेले असते. जुन्या बाहुलीचे पाय चिकट लागतात, त्यावर धूळ बसते व पुसूनही जात नाही, यामागेही हेच स्थलांतर आहे.

बाहुलीचे डोके पोकळ असते, ते त्याच्या घडणीच्या पद्धतीमुळे. पीव्हीसीची भुकटी व प्लास्टिसायझर यांचे दाट द्रावण धातूच्या साच्यात ओतून साचा भट्टीत फिरवितात. आतील भिंतीवर थर बसून घट्ट होतो. गार झाल्यावर तो मऊ कवचासारखा ओढून काढता येतो. साच्याच्या आतील बाजूचा गुळगुळीतपणा वा खडबडीतपणा जसाच्या तसा बाहुलीच्या त्वचेवर उतरतो. म्हणूनच बहुतेक बाहुल्यांची त्वचा आरशासारखी चकचकीत नसते. तिला किंचित मंद, त्वचेसारखी झाक असते. ओरखड्यांच्या दुरुस्तीत या मूळ पोताचे महत्त्व निर्णायक आहे.

एकाच बाहुलीत अनेक प्लास्टिके असू शकतात, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. डोके मृदू व्हिनाइलचे, धड एबीएससारख्या कठीण प्लास्टिकचे, हात ईव्हीए या रबरसदृश पदार्थाचे अशी रचना आढळते. गालावर निर्धोक ठरलेला उपाय धडावर घातक ठरू शकतो. शिवाय दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमधून मोठ्या प्रमाणावर निर्यात झालेल्या बाहुल्या सेल्युलॉइडच्या होत. वजनाने अत्यंत हलकी, पातळ, कापराचा वास येणारी बाहुली असल्यास ती व्हिनाइलची समजू नये. सेल्युलॉइड अतिज्वलनशील असते. पदार्थ ओळखण्यासाठी तुकडा जाळून पाहण्याची प्रयोगशाळेतील चाचणी बाहुलीवर कदापि करू नये.

४. ओरखडा दिसतो का?

ओरखडा हा जितका यांत्रिक तितकाच प्रकाशीय प्रश्न आहे. अखंड पृष्ठभागावरून प्रकाश एका ठरावीक रीतीने परावर्तित होतो. चऱ्याच्या कडा व खळगे त्याला सर्व दिशांना विखुरतात. त्यामुळे रंगद्रव्य शाबूत असूनही चरा पांढुरका दिसतो. हवा आणि व्हिनाइल यांच्या अपवर्तनांकांतील फरक जितका मोठा तितके विखुरणे अधिक. हवेचा अपवर्तनांक १ आणि पीव्हीसीचा सुमारे १.५४ आहे. चऱ्यात हवेऐवजी पाणी भरले तर ते १.३३ अपवर्तनांकाचे असल्याने फरक कमी होतो आणि चरा फिका पडतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने तेल लावताच चरा जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

खोबरेल तेल चोळल्यावर ‘ओरखडा गेला’ असा जो समज होतो, त्याचे शास्त्रीय कारण हे आहे. चरा गेलेला नसतो. त्यातील हवा गेलेली असते. काही दिवसांनी तेल शोषले जाते वा पुसले जाते, त्यावर धूळ बसते आणि पूर्वीचा पांढुरका चरा आता काळा होऊन परत येतो.

ओरखडे पाडणारा मुख्य घटकही आपल्या परिसरात मुबलक आहे. जालना जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातील फेल्डस्पार खनिजाची काठिण्यश्रेणी मोहच्या मापनानुसार सुमारे ६ आणि त्याच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या गारगोटीवर्गीय खनिजांची सुमारे ७ आहे. मृदू व्हिनाइल यांच्या तुलनेत कितीतरी मऊ ठरते. उन्हाळ्यातील वावटळींनी घरात आलेली बारीक धूळ कोरड्या फडक्याने पुसली की फडके घासकागदासारखे काम करते. बाहुलीवरील असंख्य सूक्ष्म, एकाच दिशेचे चरे खेळण्याने पडलेले नसून पुसण्याने पडलेले असण्याची शक्यता मोठी असते. युरोपातील संग्रहालयांमधील प्लास्टिक वस्तूंच्या जतनासाठी २००८ ते २०१२ या काळात राबविण्यात आलेल्या पोपार्ट या संयुक्त प्रकल्पातही, स्वच्छतेच्या साधनांमुळेच प्लास्टिकवर ओरखडे पडतात का, हा तपासणीचा एक प्रमुख विषय होता.

५. ओरखड्यांचे तीन प्रकार

दुरुस्तीच्या दृष्टीने ओरखड्यांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

(अ) वर बसलेली खूण : दुसऱ्या वस्तूचा रंग, रबर वा शाई घासली जाऊन बाहुलीवर रेघ उमटते. येथे बाहुलीचे द्रव्य कमी झालेले नसते. उलट, परके द्रव्य वाढलेले असते. अनेकदा ज्याला ओरखडा समजले जाते ती अशी रेघच असते.

(आ) दबलेला चरा : टोकदार वा जड वस्तूच्या दाबाने मृदू व्हिनाइल बाजूला सरकते, खळगा पडतो आणि कडेला बारीक उंचवटा तयार होतो. द्रव्य जागेवरच असते. केवळ त्याची जागा बदललेली असते.

(इ) झीज : द्रव्य कापले वा खरवडले जाऊन निघून गेलेले असते. ओठ, भुवया, डोळे यांवरील रंगाचा थर उडणे याच प्रकारात मोडते.

पहिल्या प्रकारात काही काढावयाचे असते. दुसऱ्यात काही परत जागेवर आणावयाचे असते. तिसऱ्यात जे नाही ते नाहीच. तेथे भर घालता येते, परंतु मूळ परत आणता येत नाही. हा भेद न करता सर्वच खुणा घासून काढण्याचा प्रयत्न केला, तर पहिल्या व दुसऱ्या प्रकाराचे रूपांतर तिसऱ्यात होते. संपूर्ण विषयाचे मर्म यात आहे.

प्रकार ओळखण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम मऊ ब्रशने, न दाबता, धूळ झटकावी. नंतर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, तिरपा टाकून दहापट भिंगातून निरीक्षण करावे. खळग्याची सावली पडली तर चरा दबलेला वा झिजलेला आहे. सावली नसेल तर खूण वर बसलेली आहे. कापसाचा बोळा हळूच फिरविला असता तंतू अडकले, तर कडा तुटलेल्या आहेत असे समजावे. शेवटी शुद्ध पाण्याचा एक थेंब चऱ्यावर ठेवावा. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर रंगद्रव्य शाबूत आहे. ओला असूनही तो तसाच दिसला तर रंग उडालेला आहे किंवा डाग आत मुरलेला आहे.

६. प्रकारानुसार उपाय

६.१ वर बसलेली खूण

शुद्ध कोमट पाण्यात सौम्य, रंग व सुगंध नसलेल्या द्रव साबणाचे काही थेंब घालून, ओलसर मऊ सुती कापडाने वा मायक्रोफायबरच्या फडक्याने एकाच दिशेने हलके पुसावे. गोल गोल घासू नये. दर वेळी फडक्याचा स्वच्छ भाग वापरावा, अन्यथा निघालेला कण पुन्हा घासला जातो. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून सावलीत वाळवावे. बाहुली पाण्यात बुडवू नये. मानेच्या सांध्यातून वा डोळ्यांच्या खाचेतून आत शिरलेले पाणी वाळत नाही आणि मिटणाऱ्या डोळ्यांचे धातूचे वजन गंजते.

हळदीच्या डागांबाबत एक स्वतंत्र निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. हळदीतील कर्क्युमिन प्रकाशात विघटन पावते, म्हणून कपड्यावरील हळद उन्हात उडते. बाहुलीवरही ती अप्रत्यक्ष उजेडात कालांतराने फिकी होऊ शकते. मात्र बाहुली थेट उन्हात ठेवल्यास व्हिनाइलच पिवळे पडण्याचा धोका असतो. छपाईची शाई व कृत्रिम रंगाचे कुंकू प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आत मुरतात. असे डाग पृष्ठभागावर नसल्यामुळे घासून निघत नाहीत. जुन्या बार्बींच्या कानाजवळ धातूच्या कर्णफुलांतील तांब्यामुळे येणारा हिरवा डाग हाही याच जातीचा आहे.

६.२ दबलेला चरा

मृदू व्हिनाइलमध्ये घडणीच्या वेळच्या आकाराची काही प्रमाणात ‘स्मृती’ असते. त्याच्या साखळ्यांमधील सूक्ष्म स्फटिकमय भाग गाठींसारखे काम करतात. सौम्य उष्णता मिळाल्यास ताणलेल्या साखळ्या सैल होतात आणि उथळ खळगा अंशतः भरून येतो. यासाठी सुमारे ४० ते ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके त्या जागी काही मिनिटे ठेवावे, उचलावे, निरीक्षण करावे आणि आवश्यक वाटल्यास पुन्हा ठेवावे. रंगविलेल्या चेहऱ्यावर हा उपाय करू नये. केस वाळविण्याच्या यंत्राचे तापमान हाताने अजमावता येत नाही. त्यामुळे गाल चपटा होणे, केस आक्रसणे असे अपघात संभवतात. खोल चरा या उपायाने जात नाही. तो अर्धा कमी झाला तरी उपाय यशस्वी मानून थांबावे.

६.३ झीज

येथे दोनच मार्ग उरतात, भर घालणे किंवा तसेच ठेवणे. भर घालावयाची असल्यास पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग अतिशय पातळ थरांत, बारीक कुंचल्याने, केवळ उणीव असलेल्या जागेत भरावा. मूळ रंगावर एक केसभरही जाऊ नये. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. रंगाची झाक दिवसाच्या उजेडात जुळवावी, कारण दिव्याखाली जुळलेला रंग उजेडात वेगळा दिसतो. शेवटी चमक जुळविणे आवश्यक असते. रंग अचूक असूनही चमक भिन्न असल्यास भरलेली जागा लगेच डोळ्यांत भरते.

येथे एक सावधगिरी हवी. फवारणीचे अनेक वार्निश व रंग मृदू व्हिनाइलवर कधीच पूर्ण वाळत नाहीत. आतून येणारे प्लास्टिसायझर त्यांना सतत चिकट ठेवते. म्हणून कोणतेही लेपद्रव्य प्रथम तळपायावर वा मानेच्या आतील कडेवर लावून किमान काही आठवडे निरीक्षण करावे. संग्रहालयीन जतनात मान्यता पावलेले पॅरालॉइड बी-७२ हे राळद्रव्य काच व मातीच्या वस्तूंसाठी उत्तम आहे. परंतु ते सर्वसाधारणतः ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून वापरतात आणि ॲसिटोन व्हिनाइलला फुगविते. एका पदार्थावर सिद्ध झालेला उपाय दुसऱ्या पदार्थावर जसाच्या तसा लागू करता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

७. प्रचलित घरगुती उपायांचे परीक्षण

(१) नखांवरील रंग काढण्याचे द्रव : यात बहुधा ॲसिटोन वा इथाइल ॲसिटेट असते. मृदू व्हिनाइल त्याने फुगते, त्यातील प्लास्टिसायझर निघून जाते आणि जागा पुढे ताठ व निस्तेज होते. एबीएसचे धड असल्यास पृष्ठभाग अक्षरशः विरघळतो. रंगविलेले डोळे एका फटक्यात पुसले जातात.

(२) दंतमंजन व टूथपेस्ट : यांत कॅल्शियम कार्बोनेट वा सिलिका यांचे अपघर्षक कण असतात. ते एक मोठा चरा काढण्याऐवजी शेकडो लहान चरे पाडतात. जागा गुळगुळीत भासते, कारण साच्यातून आलेला मूळ पोत नष्ट झालेला असतो. गालावर उमटलेला चकचकीत ठिपका पुन्हा मंद करता येत नाही.

(३) पांढरा स्पंज व घासकागद : मेलामाइनचा स्पंज हाताला मऊ लागत असला तरी त्याची जाळी कठीण व अपघर्षक असते. अतिसूक्ष्म घासकागदाने कठीण प्लास्टिकला झिलई देता येते. मृदू व्हिनाइल मात्र घर्षणाने तापते, ओढले जाते आणि झिलईऐवजी धूसरपणा येतो.

(४) मुरुमांवरील मलम : बेंझॉइल पेरॉक्साइडयुक्त मलम लावून बाहुली उजेडात ठेवण्याची पद्धत संग्राहकांमध्ये रूढ आहे. मुरलेले डाग त्याने खरोखर फिके होतात. परंतु हे ऑक्सिडीकारक द्रव्य डाग व बाहुलीचा मूळ रंग यांत भेद करीत नाही. डागाच्या जागी पांढरट चट्टा पडू शकतो. ओरखड्यावर तर त्याचा काहीही उपयोग नाही.

(५) तेल : याचा उल्लेख वर आलाच आहे. ते प्रकाशीय भ्रम निर्माण करते आणि धूळ धरून ठेवते.

या पाचही उपायांचे समान वैशिष्ट्य असे की त्यांचा तात्कालिक परिणाम समाधानकारक दिसतो व हानी नंतर प्रकट होते. म्हणूनच ते टिकून आहेत.

८. भोकरदनची साक्ष : दुरुस्ती कोठे थांबवावी?

वरील विवेचन ‘कसे करावे’ याचे होते. ‘करावे की नाही’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याचे उत्तर शोधताना जालना जिल्ह्यातीलच एक उदाहरण मार्गदर्शक ठरते.

केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख येतो. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ मध्ये डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या वस्तूंमध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित भाग होता. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. ते नगर इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदन व तेर येथील हस्तिदंती मूर्तींशी असलेल्या तिच्या साम्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. सातवाहनकालीन दख्खनचा रोमशी असलेला संबंध या लहानशा मूर्तींतून उजळून निघाला.

भोकरदनची मूर्ती खंडित आहे म्हणून तिला नव्या हस्तिदंताचे अवयव जोडावेत असे आज कोणी सुचविणार नाही. तिच्यावरील झीज, मोड व हत्याराच्या खुणा हाच अभ्यासकाचा मजकूर आहे. त्या घासून काढल्या असत्या तर मूर्ती कदाचित अधिक सुबक दिसली असती, परंतु तिने सांगितलेली हकिगत अपुरी राहिली असती. गेल्या शतकातील व्हिनाइलच्या बाहुलीला हा मान द्यावा का, असा आक्षेप येऊ शकतो. त्यास उत्तर असे की तेर, पैठण, नेवासे येथे मिळालेल्या केओलिनच्या पोकळ, साच्यातून काढलेल्या मूर्तीही त्यांच्या काळात सामान्यच वस्तू होत्या. साच्यातून निघालेली प्रत्येक प्रत सारखीच असते. एका प्रतीला दुसरीपासून वेगळे करते ती तिच्यावर उमटलेली वापराची खूण.

इटालियन जतनविचारवंत चेझारे ब्रान्दी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, भरलेली जागा दुरून एकसंध दिसावी परंतु जवळून ओळखता यावी, असे तत्त्व मांडले. त्यास अनुसरून बाहुल्यांसाठी पुढील तीन प्रश्नांचा निकष सुचविता येईल :

पहिला, ओरखडा वाढणारा आहे काय? चिरत जाणारी कड वा सुटणारा रंग असल्यास हस्तक्षेप करणे आवश्यक आहे. स्थिर चऱ्यास घाई नाही.
दुसरा, केलेला उपाय परत काढता येईल काय? वरून लावलेला रंग बहुधा काढता येतो. घासून नेलेला पृष्ठभाग परत येत नाही.
तिसरा, ही खूण कोणाची आहे? उत्पादनातील दोष, साठवणुकीतील हयगय आणि खेळणाऱ्या मुलीच्या हाताची खूण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माळ्यावरील पेटीत पडलेला शाईचा डाग काढण्यात काही गमावत नाही. बाहुला-बाहुलीच्या लग्नात आजीने लहानपणी टोचलेल्या चमकीच्या भोकाबाबत मात्र तिला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

यासोबत नोंदीचे बंधन येते. दुरुस्तीपूर्वी व नंतर छायाचित्र घ्यावे. तारीख, वापरलेले द्रव्य आणि जागा कागदावर लिहून ती नोंद बाहुलीबरोबर ठेवावी. बाहुली विकावयाची असल्यास दुरुस्तीची माहिती घेणाऱ्यास देणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. लपविलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसून फसवणूक ठरते.

९. जालन्याच्या हवामानात साठवण

दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध स्वस्त पडतो. जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. स्लॅबखालील वा पत्र्याखालील माळा घरातील सर्वांत तप्त जागा असते. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांच्या वाढीस स्थूलमानाने दुप्पट होतो, हा नियम लक्षात घेता माळ्यावरील एक उन्हाळा बाहुलीचे आयुष्य किती घटवितो याची कल्पना यावी. उष्णता व प्रकाश यांमुळे पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडू लागते, साखळीत द्विबंधांची मालिका तयार होते आणि पिवळेपणा येतो.

म्हणून बाहुल्या घराच्या आतील, खालच्या, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. वर्तमानपत्राऐवजी धुतलेले, खळ नसलेले पांढरे सुती कापड वा आम्लरहित कागद वापरावा. दोन बाहुल्या एकमेकींना टेकू देऊ नयेत, कारण खोडरबर-पट्टीचाच प्रयोग तेथे घडतो. डांबरगोळ्या टाकू नयेत, कारण त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील इव्होन शाशुआ यांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की मृदू पीव्हीसीची वस्तू काचेच्या बंद पात्रात ठेवल्यास प्लास्टिसायझरचा ऱ्हास मंदावतो. झाकणाची काचेची बरणी मराठी घराला नवी नाही. लहान बाहुल्यांसाठी हा उपाय सहज शक्य आहे.

जुन्या, चिकट झालेल्या बाहुल्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. युरोपीय संघाने २००५ मध्ये खेळण्यांतील काही थॅलेटांवर कायमचे निर्बंध घातले. भारतात खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या बाहुल्या या निकषांना धरून घडविलेल्या असतील असे गृहीत धरता येत नाही. त्या आरशीत व आठवणीत असाव्यात, तोंडात जाऊ नयेत.

१०. निष्कर्ष

(१) ओरखडा ही एक अवस्था नसून वर बसलेली खूण, दबलेला चरा व झीज अशा तीन अवस्था आहेत. निदानाशिवाय उपाय करणे हेच हानीचे प्रमुख कारण आहे.
(२) मृदू व्हिनाइल घासून गुळगुळीत होत नाही. अपघर्षक व द्रावक यांवर आधारलेले बहुतेक घरगुती उपाय त्यास अपायकारक आहेत.
(३) सौम्य धुलाई, मर्यादित उष्णता आणि उणिवेपुरता, ओळखू येणारा रंग एवढेच तीन उपाय सामान्य संग्राहकाच्या हाती सुरक्षित आहेत.
(४) दुरुस्ती न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

११. शिफारशी

हा विषय महाविद्यालयीन अध्यापनास आंतरविद्याशाखीय उपक्रम म्हणून उपयुक्त आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मृदू पीव्हीसीचा तुकडा ठरावीक अंतराने तोलून प्लास्टिसायझरचा ऱ्हास मोजता येईल. भौतिकशास्त्रात निरनिराळ्या द्रवांखाली ओरखड्याची दृश्यता तपासता येईल. गृहविज्ञानात डागांचा व इतिहासात घरोघरच्या आरशीतील बाहुल्यांचा मौखिक इतिहास नोंदविता येईल. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. भिंग, विजेरी, तराजू व वही पुरेशी आहे. भोगवर्धनच्या कारागिराने घडविलेली मूर्ती एकोणीस शतकांनंतर बोलू शकली, कारण तिच्यावरील खुणा कोणी पुसल्या नव्हत्या. आपल्या घरातील बाहुलीबाबत तेवढी सबुरी दाखविणे आपल्या हाती आहे.